पहिल्या पानावरची सरस्वती

मी चौथीतून उठलो आणि हुबळीत वडिलांच्या किराणा दुकानात बसलो. धाकटा भाऊ मात्र धारवाडला कॉलेजात शिकला. बेचाळीसच्या चळवळीत त्याला पकडलं तेव्हा बी.ए.ची परीक्षा तोंडावर होती. तुरुंगातून परीक्षेला बसायची परवानगी त्यानं खटपट करून मिळवली, पण अर्थशास्त्राचं जाड पुस्तक घरीच राहिलेलं. "ते मिळालं नाही तर बसून उपयोग नाही," असं त्यानं भेटीत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक घेऊन तुरुंगाच्या कचेरीत उभा. साहेब नवा, दूरच्या मुलखातला. पहिलं पान उघडून तो थांबला. आमच्या घरी दसऱ्याला पुस्तकं पूजेत मांडायची, आणि आई प्रत्येकाच्या पहिल्या पानावर ओल्या कुंकवानं सरस्वती काढायची, एकाचे आकडे गुंफून, पाटीवर काढतात तशी. साहेबाला तो गुप्त निरोप वाटला.

"हे आकडे कसले?"

"देवी आहे."

"आकड्यांची देवी असते?"

"आमच्याकडे असते. तुमच्याकडे नसली तर मी काय करू?"

असं बोलायला नको होतं, असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. साहेबानं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. पान फाडून दे, नाहीतर घेऊन जा. फाडणार नाही म्हटलं आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलो.

आमच्याच भागातला, कलघटगीकडचा एक वॉर्डर होता. त्यानं साहेबाला समजावून पाहिलं आणि हात हलवत परत आला. "होगली बिडरी अण्णा, जाऊ द्या," म्हणाला. "हट्ट तुमचा, परीक्षा त्याची. तुम्ही तर घरी जाऊन जेवणार."

मी पुस्तक मांडीवर उघडलं. शिवणीपाशी नखानं घडी घातली आणि पान फाडलं. पुस्तक आत गेलं.

घरी आई भाकरी थापत होती. तिच्यापुढे पान ठेवलं.

"साहेबानं फाडलं?"

"मी फाडलं."

तिनं पिठाचे हात तसेच धरले. "आणि आता तो पास नाही झाला म्हणजे?"

झाला तो पास. पण निकाल यायला बरेच दिवस लागले. देवाधर्माचं मी कधी फार केलं नाही, तरी त्या दिवसांत पोस्टमन बोळाच्या तोंडाशी दिसला की मी गल्ला सोडून आत पोत्यांच्या मागे जाऊन उभा राहायचो.