वेंडलच्या डोक्याशी

ऑर्फामावशीला आमच्या डोंगरात कुणी हट्टी म्हणत नसे. वेस्ट व्हर्जिनियाच्या या खोऱ्यात सगळेच हट्टी, कोण कुणाला नावं ठेवणार? कंपनीची गॅसवाहिनी तिच्या कुरणातून जाणार असं ठरलं, तेव्हा नोटीस तिने चुलीत घातली. पण सरकारने जमीन घ्यायचा हक्क कंपनीला आधीच देऊन टाकला होता.

"जमीन न्या मेल्यांनो," ती म्हणाली, "पण माझ्या वेंडलवरून जाऊ नका."

वेंडल तिचं एकुलतं लेकरू. रांगायला लागायच्या आतच गेलं. त्याला कुरणाच्या वरच्या अंगाला पुरलं होतं. थडगं असेल तर वाहिनी वळवावी लागते, असा नियम आहे. पण आमच्याकडे थडग्यावर नाव कोरायची रीत नाही. ओढ्यातला दगड उभा करायचा, कोण कुठे ते सगळ्यांना पाठ. मे महिन्यात थडगी सजवायचा रविवार असतो, त्यासाठी गवत कापताना यंत्र अडू नये म्हणून मावशीने स्वतःच वेंडलचा दगड उपटून कुंपणाशी ठेवला होता. स्वच्छतेची भारी हौस बाईला!

कोर्टात आम्ही सगळ्यांनी शपथेवर सांगितलं. कंपनीचा वकील हसला. "दगड कुंपणाशी आणि थडगं वर कुरणात? कशावरून?"

न्यायाधीशांनी तोड काढली. उकरून बघा, काही निघालं तर वाहिनी वळवू.

"मावशी, एवढं होऊ दे," मी म्हणालो. "वाचेल तो."

"निजवलेलं लेकरू उठवू? आईला विचार जा तुझ्या."

"अगं, नाहीतर ते यंत्राने उठवतील!"

"ते पाप त्यांचं."

मला तिचा संताप आला. अजून येतो.

यंत्रं आली. ती कुंपणाशी खुर्ची टाकून दिवसभर बसून राहिली. काय निघालं ते त्यांनी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही.

पुढच्या मेमध्ये आम्ही घेवडा आणि मक्याचा पाव घेऊन वर गेलो. चर बुजवून, खाली वाहिनी आहे हे कळावं म्हणून कंपनीने एक पिवळा खांब रोवला होता. मावशीने पिओनीची फुलं त्याच्या बुडाशी ठेवली.

"इथे कशाला?" मी विचारलं.

"अगदी डोक्याशी आलाय त्याच्या."

खांबावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: इथे खणू नका. मावशीने ते बोट फिरवत वाचलं.

"हे मीच लिहायला हवं होतं रे," ती म्हणाली.