ओढ्यापलीकडची यामना

रविवार, २ जून १९९६. वज्दा. सकाळपासून वारा. दुपारी मीलूदबरोबर ओढ्यावर गेले. यामना आली होती. बोलणं झालं नाही.

बतूलची रोजनिशी अशीच असे. शाळेतल्या नन्सनी लावलेली सवय. घडलं ते लिहावं, रडगाणं लिहू नये. नवरा बेंयूनस वारला त्या दिवशीही तिने आधी हवा लिहिली, मग तो.

धाकटी बहीण यामना सीमेपलीकडे दिलेली, अल्जेरियात, मगनियाला. पूर्वी सकाळी निघालं की दुपारचं जेवण तिच्याकडे. दोन वर्षांपूर्वी दोन सरकारांचं फाटलं आणि सीमा बंद झाली. आता जायचं तर आधी कासाब्लांका, मग विमान, आणि तिकडे यादवी, रोजची कापाकापी. पत्रं पोचत नसत. म्हणून लोक सीमेवरच्या ओढ्याच्या दोन काठांवर जमत आणि शिपायांच्या डोक्यावरून ओरडून बोलत.

बेंयूनस गेला तो हजला निघायच्या तोंडावर. यामनाला शेवटचं कळलं होतं ते एवढंच, की सोडतीत दोघांची नावं लागली. चोरून पेट्रोल आणणाऱ्या एका माणसाबरोबर बतूलने निरोप धाडला होता: रविवारी ओढ्यावर ये. मरणाची बातमी तिला परक्याच्या तोंडून पाठवायची नव्हती. ती आपण सांगावी आणि बहिणीने आपल्याबरोबर रडावं, एवढंच तिला हवं होतं. घरात तिच्याबरोबर कुणी रडलं नव्हतं. मीलूद रडला तोही भिंतीकडे तोंड करून.

"आई, इद्दतीचे चार महिने घरात बसायचं सोडून हिंडते म्हणून शेजारणी नावं ठेवतील," गाडीत मीलूद म्हणाला.

"ठेवू देत. त्यांच्या बहिणी याच काठावर आहेत."

काठावर गर्दी होती. शेजारी एक म्हातारा पलीकडच्या भावाला ओरडून सांगत होता, "जाडा झालास रे!"

"काय?"

"जाडा झालास म्हटलं!"

"तूच जाडा, गाढवा!"

"शिवी बरी ऐकू येते त्याला," म्हातारा शिपायाला म्हणाला. शिपाईही हसला.

मग पलीकडे यामना दिसली. सुना, लेकी, सगळ्या नटूनथटून आलेल्या. तिने बतूलला डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्यात पाहिलं, हात वर केले, आणि जीभ हलवत आनंदाची लांब आरोळी दिली. मागून सगळ्या लेकीसुनांनी दिली.

"हज मुबारक, लल्ला!" लहानपणापासून ती थोरल्या बहिणीला लल्लाच म्हणायची.

वज्दाकडे विधवा पांढरं नेसते, आणि हजहून आलेली बाईही पांढरंच नेसते. यामना ज्याची वाट पाहत होती तेच तिला दिसलं.

"बेंयूनस गेला!" बतूल ओरडली.

वाऱ्याने अर्धं उडवून नेलं. "गेला? अजून तिकडेच आहे?" यामना हसत होती. "आला की माझा सलाम सांग! आणि मक्केहून आणलेलं झमझमचं पाणी ठेव माझ्यासाठी!"

पुन्हा आरोळी. या काठावरच्या दोनचार बायकांनीही साथ दिली.

"थांब आई, मी ओरडतो," मीलूद म्हणाला. "माझा आवाज पोचेल." त्याने तोंड उघडलं, पण 'बाबा' या शब्दापुढे त्याला जाता येईना.

बतूल खाली बसली. मातीत, गुडघ्यांवर. आयुष्यभर तिने ज्या बायकांना अडाणी म्हटलं, त्यांच्यासारखे तिने दोन्ही गालांवर हात मारून घेतले. एकदा. पुन्हा. शब्द नव्हतेच त्यात.

पलीकडची आरोळी मध्येच तुटली.

यामनाने डोक्यावरचा लाल रुमाल ओढून काढला. "बेंयूनस?" असं तिच्या ओठांवर दिसलं, ऐकू आलं नाही. मग ती पण खाली बसली, आणि तिचा हंबरडा वाऱ्यातून स्वच्छ इकडे आला. म्हातारा भावाशी बोलायचा थांबला. दोघी आपापल्या काठावर झुलत रडल्या. यामनाच्या खांद्याला तिच्या सुनेने धरलं होतं. बतूलला ते हात दिसत होते.

"चला, हाज्जा, पुरे आता," शिपाई खाली बघत म्हणाला. तोही तिला हाज्जा, हजहून आलेली बाई, म्हणाला. कुणी त्याची चूक सुधारली नाही.

घरी आल्यावर तिने दिवा लावला आणि त्या दिवसाची शेवटची ओळ लिहिली: पांढरी जेलाबा साबणात भिजत घातली आहे, गुडघ्यांवरची लाल माती निघत नाही.