बोलणं ऐकू आलं पाहिजे

स्पीकर किती वॅटचा, असं गिऱ्हाईक विचारायचं आणि सुनंदाताई उलट त्यालाच विचारायच्या, "टीव्हीच्या भिंतीपलीकडे कोण राहतं?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाईंना चौकशा फार. उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या त्या दुकानात मी घरोघरी स्पीकर बसवून द्यायच्या कामाला नुकताच लागलो होतो, चाळिशी ओलांडून. ताई काउंटरवर सगळ्यांत जुन्या. पुढे कळलं, परत येणारे निम्मेअधिक सेट शेजाऱ्यांच्या भांडणापायी येत.

कडक इस्त्रीची सुती साडी, पदराला पिन, आणि आल्या आल्या सगळ्यांना "जय भीम". आमचे सिंधी सेठही सवयीने "जय भीम, बहनजी" म्हणत.

एका वर्षी गणपतीत उंच टॉवर स्पीकर हातोहात खपले. पुढच्या वर्षी दसरा-दिवाळीसाठी दुप्पट मागवायचे, असं सेठनी ठरवलं. ताई म्हणाल्या, जरा थांबा. सुट्टीच्या दिवशी मला घेऊन त्या बदलापूरला गेल्या, मी सेट बसवून दिलेल्या घरांमध्ये. मला संकोच वाटत होता. त्या मात्र चहा घेत हॉलभर नजर फिरवत होत्या. एका घरी टॉवरवर मनीप्लांट, दुसऱ्या घरी शाळेचे गणवेश वाळत घातलेले. तिसऱ्या घरातल्या आजी टीव्हीच्या अगदी पुढ्यात स्टूल टाकून बसल्या होत्या. टीव्ही नवा, पातळ. डोक्यावर पंखा, आतून कुकरच्या शिट्ट्या. त्या ताईंना म्हणाल्या, "मारामारी ऐकू येते गं. बोलणंच कळत नाही."

स्टेशनवर ताईंनी परतीची तिकिटं काढली. मग म्हणाल्या, "लोकांना मोठा आवाज नकोच आहे. आपणच तो गळ्यात मारतोय."

टॉवरऐवजी साउंडबार मागवा, असं त्यांनी सेठना सांगितलं. टीव्हीखाली बसणारी ती लांब पट्टी. तिच्यातून बोलणं स्वच्छ ऐकू येतं. सेठना पटेना. "इतनी पतली चीज़, बहनजी. लोगों को कुछ दिखना भी तो चाहिए." तीन दिवस धुसफूस चालली. शेवटी ताई म्हणाल्या, दसऱ्यापर्यंत माल खपला नाही तर काउंटर सोडून गोडाउन सांभाळीन. ऐकून मीच घाबरलो. माणसांशी बोलल्याशिवाय या बाईंना तासभर करमत नसे.

बाजारातली सगळी दुकानं धडधडती गाणी लावत. ताईंनी साउंडबारवर बातम्या लावल्या. पंखा फुल, गिऱ्हाइकाला खुर्ची लांब कोपऱ्यात. निवेदिकेचं वाक्य संपलं की विचारायच्या, "काय म्हणाली?" चार दिवस एकही पीस हलला नाही. सेठ मुद्दाम गोडाउनच्या किल्ल्या टेबलावर वाजवत. पाचव्या दिवशी अंबरनाथचं एक जोडपं सासऱ्यांना घेऊन आलं. सासऱ्यांनी कोपऱ्यातून बातमी शब्दन् शब्द सांगितली, वर त्या मंत्र्यावर टीकाही केली. साउंडबार गेला. मागोमाग त्यांच्या बिल्डिंगमधले तिघे आले. दसऱ्याआधी शेवटचा पीस शोकेसमधून काढून द्यावा लागला.  पुढच्या मालाची कोरी यादी सेठनी ताईंसमोर सरकवली, पेनासकट.

यंदा ताई मुलीकडे नागपूरला कायमच्या राहायला गेल्या. शेवटच्या दिवशी एक गृहस्थ दुकानातला सगळ्यांत महाग साउंडबार घ्यायला आले. ताईंनी चार गोष्टी विचारल्या आणि फोनवरून त्यांच्या बायकोला टीव्हीच्या सेटिंगमध्ये एक बदल करायला लावला. आता नीट ऐकू येतंय, असं तिकडून उत्तर आलं. गृहस्थ आभार मानून रिकाम्या हाताने गेले.

जाता जाता गिऱ्हाईक घालवलंत, सेठ कुरकुरले.

"गिऱ्हाईक कुठे गेलं, सेठ? फक्त एक पीस विकायचा राहिला," ताई म्हणाल्या. "गिऱ्हाईक येईल की परत."

संध्याकाळी सेठ पहिल्यांदाच कुणासाठी तरी दुकानाच्या पायऱ्या उतरले. त्यांनी शेअर रिक्षा थांबवली, तीनही सीटचं भाडं दिलं आणि बहनजींना एकट्यांनाच घेऊन जा, असं रिक्षावाल्याला बजावलं. ताईंचे डोळे भरून आले. त्यांनी सेठना नमस्कार केला, मग रस्त्यावर पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या दोन बायकांना हाक मारून आत बसवलं आणि स्वतः कडेला सरकून बसल्या.