हलकं गणित, भारी गणित

आठवीत गेलं की आमच्या शाळेत गणिताचे दोन तुकडे पडत. एकात बीजगणित आणि भूमिती, दुसऱ्यात नुसता हिशेब: व्याज, नफा-तोटा, शेकडेवारी, टाकीला लागलेले नळ. सरकारी कागदावर त्यांची काहीतरी भारदस्त नावं असतील, पण ती कोणी कधी उच्चारली नाहीत. सगळे म्हणत भारी गणित आणि हलकं गणित. ज्या मुली हलकं घेतील त्यांना विज्ञानाच्या जागी गृहशास्त्र. म्हणजे स्वयंपाक, शिवण आणि बाळाची आंघोळ. धाकट्या भावंडांना मी रोजच आंघोळ घालत होते, त्याला शाळा कशाला लागते, हे मी तेव्हाही विचारलं होतं.

हलकं आणि भारी हे शब्द दुसरीकडच्या वाचकाला साधे वाटतील. आमच्या भंडाऱ्याकडे ते आधी धानाचे आहेत, मग बाकी सगळ्याचे. हलका धान लवकर येतो, दिवाळीच्या सुमारास कापून मोकळा. त्याला पाणी कमी लागतं. भारी धान तलावाखालच्या बांधीत लावायचा. बांधी म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेलं धानाचं शेत. त्याला शेवटपर्यंत पाणी पाहिजे, थंडी पडेपर्यंत वाट पाहायची, पण भरतो चांगला. आमच्याकडच्या पोराला बाराखडीच्या आधी हे कळतं.

मला भारी गणित हवं होतं. हवं होतं म्हणजे काय, जीव जात होता त्याच्यासाठी. आम्हाला सातवीपर्यंत गणित शिकवायला एक सर होते, तेच पुढे भारी गणितही शिकवत. उंच, सडपातळ, हाताला कायम खडू लागलेला. सातवीत एकदा त्यांनी मैदानात खुंटी ठोकली, तिला दोरी बांधली आणि म्हणाले, "काढ वर्तुळ." मी दोरी ताणून गोल फिरले आणि जिथून निघाले बरोबर तिथेच येऊन पोचले. एवढं सोपं आणि एवढं खरं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ठरलं, आपण सरांसारखं गणित शिकवायचं. मॅट्रिक, मग सायन्स कॉलेज, मग मास्तरीण.

सरांना मी हे वर्गात सगळ्यांसमोर सांगितलंही. पोरं फिदीफिदी हसली. सर हसले नाहीत. म्हणाले, "म्हणजे माही खुर्ची गेलीच म्हणा!" आणि मला फळ्याजवळ बोलावून त्यांनी राहिलेलं उदाहरण माझ्याकडून सोडवून घेतलं. असा माणूस. त्यांनी उडी मार म्हटलं असतं तर मी तलावात उडी मारली असती, पोहता येत नसताना.

सातवीचा निकाल लागला आणि उन्हाळ्यात सर सायकलवरून गावोगाव फिरू लागले. आठवीत कोणी कोणता विषय घ्यायचा ते आईबापांना समजावून सांगायला. आमच्या बापांना यातलं काय कळणार, असं शाळेत सगळे धरून चालले होते, मीही. आमच्याकडे आले तेव्हा बाबा अंगणात दोर वळत बसले होते. खाट टाकली, पाणी दिलं. मी दाराच्या आड उभी. मला वाटलं सर आता बाबांना सांगतील, पोरगी हुशार आहे, हिला भारीच द्या. ऊर असा भरून आला होता माझा, काय सांगू.

सर म्हणाले, "पाहा पाटील, गणितात दोन प्रकार आहेत. एक हलकं, एक भारी. धानासारखंच समजा न तुमच्या. भारीले मेहनत लय, भरवसा नाही. मध्येच पाणी तुटलं तं सगळं गेलं. हलकं कसं, थोडक्यात हाती येते."

बाबांनी दोर वळणं थांबवलं. मग म्हणाले, "हलकंच बरं मंग."

मला राहवलं नाही. मी बाहेर आले. "मले भारी घ्याचं आहे सर. तुमाले मालूम आहे न!"

सर माझ्याकडे पाहून इतकं गोड हसले. "अवो, गणित ते गणितच. नाव तेवढं वेगळं. कॉलेजात कोणी विचारत नाही, हलकं होतं का भारी होतं. मी सांगून राहिलो न तुले?"

ते सांगून राहिले होते, मग प्रश्नच मिटला. मी आत गेले आणि त्यांच्यासाठी चहा ठेवला. गूळ जरा जास्तच टाकला, त्यांना गोड आवडायचं. बाबा त्यांना पोचवायला पार तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, गेले. दोघं बराच वेळ तिथे उभे होते. माझ्या बापाला माझ्या अभ्यासाची किती काळजी, असं वाटून मला आणखीच बरं वाटलं.

आठवीत गृहशास्त्राला नवीन बाई आल्या. नवीन म्हणजे शाळेत नवीन, गावात नाही. सरांच्याच बायको त्या. स्वभावाने फार चांगल्या, हे मला सांगितलंच पाहिजे, कारण राग काढायला त्यांच्यात काही सापडत नाही. आम्ही काज-बटणं शिवायचो आणि भिंतीपलीकडून सरांचा आवाज यायचा: "समजा, क्ष बरोबर..." सुई माझ्या बोटात शिरायची. हलक्या गणिताचं पुस्तक मी पावसाळ्यातच संपवून टाकलं होतं. राहिलेलं वर्ष मी भिंतीला कान लावून काढलं, पण भूमिती कानाने ऐकून कळते थोडीच! सर म्हणायचे "ही रेषा पाहा," आणि मी पाहत असायची बाईंचा उलटा टाका.

एकदा आम्ही पोरी शिवणाला कंटाळून कुरकुरत होतो तर बाई हसून म्हणाल्या, "नका वो अशा करू. तुमी आहात म्हणून मी आहे इथं. पोरी कमी पडल्या असत्या तं हा विषयच बंद केला असता शाळेनं, मले घरी बसावं लागलं असतं. तुमच्यासाठी सर कसे उन्हातान्हात फिरले, मालूम आहे न?"

त्यांनी हे कौतुकाने सांगितलं. आणि मी मूर्ख, मलाही कौतुक वाटलं. कॉलेजात कोणी विचारत नाही, हे सरांनी सांगितलेलं होतं ना.

मॅट्रिकला मी पोरींमध्ये पहिली आले. सायन्सला नाव घालायला भंडाऱ्याच्या कॉलेजात जायचं ठरलं. मी म्हटलं एकटी जाते, तर बाबा म्हणाले, "एकली कायले? मी येतो." धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, एसटीत ते खिडकीशी बसले आणि वाटेतल्या बांध्यांमधले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, मला दाखवत राहिले, कोणाचे चांगले आले, कोणाचे पिवळे पडले. मी हो हो करत होते. माझं चित्त कुठे होतं पऱ्ह्यांवर!

कॉलेजातल्या बाबूने माझी गुणपत्रिका पाहिली, उलटी केली, परत पाहिली. "सायन्स? हिचं बीजगणित कुठं आहे? भूमिती कुठं आहे? हे तं घरकामाचं गणित. आर्ट्सले जा, बाई."

मी म्हटलं, आमचे सर म्हणाले होते चालतं. तो बाबू बिचारा वाईट नव्हता. म्हणाला, "कोणत्या सरनं सांगितलं? त्याले घेऊन ये." मागची रांग हसली. मी बाबांकडे पाहिलं. ते टोपी हातात घेऊन खाली पाहत उभे होते. माझ्या साध्या बापाला, धानाचे शब्द वापरून, त्याच्याच अंगणात, त्याच्याच खाटेवर बसून या माणसाने फसवलं! परत येताना स्टँडवर बाबांनी मला भजी घेऊन दिली. ती तशीच हातात धरून मीच त्यांची समजूत काढत होते. "बाबा, तुमची काही चुकी नाही. तुमाले काय मालूम?" ते माझ्याकडे पाहतही नव्हते. माणसाला किती लागलं असेल, म्हणून मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या घरी गेले. बाई आत होत्या, सर ओसरीवर. पाया पडले नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. मी सरळ विचारलं, "सर, तुमी मले खोटं काहून सांगितलं? बाईच्या नोकरीसाठी?"

सरांचा चेहरा पडला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "नोकरीचं खरं आहे. नाही म्हणत नाही. पण मी तुह्या बापाले सगळं सांगतलं होतं. त्यायले विचार."

असा संताप आला म्हणून सांगू! आपलं पाप, ते लोटायचं कोणावर, तर ज्याला सही करायला तासभर लागतो त्या माणसावर! मी तिथेच म्हटलं, "माह्या बापाचं नाव घेऊ नका." आणि निघाले. त्यानंतर त्या माणसाशी मी बोलले नाही. समोरून आले तर रस्ता बदलला. बाबांना मात्र मी काही विचारलं नाही. कशाला विचारायचं? आपण फसलो, आपल्यामुळे पोरीचं शिक्षण गेलं, हे त्यांच्या तोंडून कशाला वदवून घ्यायचं? उलट घरात कोणी विषय काढला तर मीच तो बदलायची.

आर्ट्स बाहेरून केलं. लग्न होऊन तुमसरला गेले, नवरा समजूतदार निघाला, बी.एड. झालं आणि एका शाळेत मराठी शिकवायला लागले. मराठी मला आवडतं, खोटं कशाला बोलू. पण शेजारच्या वर्गात कोणी फळ्यावर वर्तुळ काढताना दिसलं की मी खिडकीतून पाहत राहते आणि माझ्या वर्गातली पोरं एकमेकांना कोपरं मारतात. माझ्या शाळेत पोरांना विषय निवडून द्यायची वेळ आली की मुख्याध्यापक ते काम मलाच देत, कारण मी पोरापोरीला समोर बसवून, पुढे कोणतं दार उघडतं आणि कोणतं कायमचं बंद होतं, ते स्पष्ट सांगायची. आईबापांसमोर सांगायची. दाराच्या आड कोणाला उभं राहू द्यायची नाही.

आणि मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सर निवृत्त झाले. सत्काराचं बोलावणं आलं. मी माहेरी होते. बाबा जेवायला बसले होते, म्हणाले, "जाऊन ये. गुरू आहे तुहा."

माझा बांध फुटला. जे इतकी वर्षं बोलले नव्हते ते सगळं बोलले. "गुरू? बायकोच्या नोकरीसाठी माहं वाटोळं केलं त्या माणसानं! अन् तुमाले कसं फसवलं, बाबा! हलकं न् भारी! धान काय न् गणित काय! तुमी साधे, तुमाले वाटलं हलका धान म्हणून राहिला..."

बाबांनी घास ताटात ठेवला.

"मले हलका धान कायले म्हणते, ते सर शिकवन का?" ते म्हणाले. "बांधी लवकर मोकळी करायची असन तं हलका लावते माणूस."

मी भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"पाळीवर सरनं मले खरं सांगितलं होतं. म्हणे, पाटील, माही अडचण आहे, पण पोरीचं सायन्स बंद होईन, तुमी नाही म्हणा, मी दुसरी पोरगी पाहतो. म्या म्हणलं, राहू द्या हलकंच. एकली पोरगी भंडाऱ्याले खोली करून ठेवू का मी? लगन कोण करन मंग? म्या म्हणलं, पोरीले मात्र सांगू नका."

चुलीवरचं दूध उतू जाऊ लागलं होतं. मी उठले, उतरवलं, परत येऊन बसले. मग एकच प्रश्न विचारला.

"कॉलेजात आलते न माह्यासंगं? सगळं मालूम असून?"

"हाव."

"काहून?"

बाबा ताटातला भात बोटांनी सारखा करत राहिले. "बाबूनं नाही म्हणलं न तुले," ते म्हणाले. "मले म्हणावं नाही लागलं."

"तुमीच म्हणाचं होतं, बाबा," मी म्हटलं. "मी रडली असती, भांडली असती. पण तुमचं ऐकलं असतं."