चेंडूला हात न लावणारा साडू

आयुष्यभर ज्याच्या फक्त पाठीचे फोटो निघाले असा एकच नामवंत माणूस मला माहीत आहे, आणि तो माझा साडू आहे. अमेरिकेतला फुटबॉल, म्हणजे जो हातात चेंडू घेऊन खेळतात आणि तरी फुटबॉलच म्हणवतात, तो तिथे नऊ वर्षं पगारी खेळला. आमच्या वसईच्या नातेवाइकांनी हे ऐकून पहिला प्रश्न विचारला, "गोल किती मारले?" एकही नाही. त्या खेळात चेंडू फेकणारा एक राजा असतो, आणि त्याच्या अंगावर धावून येणाऱ्यांना अडवायला पाच दांडगे ओळीने उभे करतात. साडू त्या ओळीत डावीकडून पहिला. त्याच्या उजव्या हाताला चार सोबती, डावीकडे नुसतं उघडं मैदान. नऊ वर्षांत त्याचा चेंडूला हात लागला नाही, कारण तो लागायचाच नसतो. तीन-चार सेकंद कुणाला मागे जाऊ द्यायचं नाही, मग आडवं व्हायचं, उठायचं, पुन्हा उभं राहायचं. समोरच्याला धरून ठेवलं तर मात्र गुन्हा. मग पंच माइकवर त्याचा नंबर पुकारतो आणि अख्खा संघ दहा यार्ड मागे जातो.

"भावोजी, स्टेडियममध्ये माझा नंबर अकरा वेळा पुकारला," तो मला एकदा म्हणाला. "अकराही वेळा मी कुणाला तरी धरलं होतं." आखातात एकतीस वर्षं ऑफिसात काढलेल्या मला यातलं काही समजावून घ्यावं लागलं नाही. माझंही नाव मॅनेजर चूक सापडली तरच घेतो.

भावोजी हा त्याला येणारा एकमेव मराठी शब्द. माझी मेहुणी मला तसं म्हणते म्हणून तोही म्हणतो. ती नर्स. अमेरिकेत याच्या गुडघ्याला पट्टी बांधता बांधता लग्न जमलं, मग तिला अबू धाबीत नोकरी लागली आणि ही एकशे वीस किलोंची असामी तिच्याबरोबर अल रीम आयलंडवर राहायला आली. खेळत होता तेव्हा वजन एकशे चाळीसच्या खाली गेलं की दंड व्हायचा, म्हणून सकाळी बारा अंडी ड्यूटी म्हणून खायचा. आता मेहुणी दोन देते. ती तो इतक्या हळू खातो की बघणाऱ्याला वाईट वाटतं.

निवृत्त झाला तरी त्याचं ते उभं राहणं काही निवृत्त झालं नाही. हॉटेलात दाराकडे तोंड करून बसतो. लिफ्टमध्ये सगळ्यांना आत घालून शेवटी शिरतो आणि दार अडवून उभा राहतो. रस्त्यावर नेहमी बरोबरच्या माणसाच्या डाव्या बाजूने चालतो. माझ्या मुलीच्या रिसेप्शनला तर त्याने कमाल केली. माझा मॅनेजर उशिरा आला आणि पाकीट उंचावून घाईघाईने स्टेजकडे निघाला. साडूने एक माणूस नवरीवर धावून जाताना पाहिला. बास. छाती पुढे करून त्याने मॅनेजरला पावलापावलाने थेट आइस्क्रीमच्या काउंटरपर्यंत मागे नेलं, तेही अत्यंत नम्रपणे. मी धापा टाकत पोचलो तेव्हा मॅनेजर म्हणत होता, "हबीबी, आय ॲम अ गेस्ट." साडूने मला दोन्ही तळवे उघडून दाखवले. "धरलं नाही, भावोजी." त्या वर्षी माझं इन्क्रिमेंट झालं नाही.

दुसरी खोड हात धरण्याची. खेळ सुरू व्हायच्या आधी संघ रिंगण करून उभा राहतो, तेव्हा हे पाचजण एकमेकांचे हात धरतात म्हणे. तशी रीतच आहे. साडूला ती इतकी भिनली आहे की गर्दी दिसली की न बघता उजवा हात बाजूला करतो, आणि तिथे जो असेल त्याचा धरतो. एकदा मॉलमध्ये मी होतो. अत्तरांच्या दुकानांपुढून आम्ही दोघे असे हातात हात घालून गेलो, तो एकशे वीस किलो, मी अठ्ठावन्न. ऑफिसातल्या रत्नागिरीच्या दोस्ताने पाहिलं. सोमवारी त्याने चहा देताना हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक ना?"

गुडघे मात्र संपले होते. दोन्ही बदलायला हवेत, उशीर केलात तर व्हीलचेअर, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तीन वर्षं तो टाळत राहिला. जिने उलटा उतरायचा, गुडघ्यांना बर्फ बांधून शनिवारी हौशी संघाला शिकवायला जायचा. मेहुणी बारा-बारा तास ड्यूटी करून यायची आणि त्याच्याशी भांडायची. तिचं भांडणही थकून गेलं होतं. "उठता येत नाही तेव्हाच मैदान सोडायचं," तो म्हणायचा. "मला उठता येतं."

गेल्या वर्षी एकदा तो दुबईला, जुमेरा लेक टॉवर्समधल्या माझ्या ऑफिसात आला. खाली लॉबीत लिफ्टसमोर त्याचा उजवा गुडघा वळला. मी आयुष्यात कुणाला अडवलेलं नाही, पण त्या वेळी त्याला कमरेला मिठी मारून धरलं. व्हायचं तेच झालं. मी खाली, तो वर. त्याने दोनदा उठायचा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा केलाच नाही. बराच वेळ आम्ही तसेच पडून होतो. वॉचमन धावत आला.

"खलास," मी खालून म्हणालो. "आता ऑपरेशन."

 तो माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "तुम्ही धरलंत, भावोजी. दहा यार्ड मागे."

ऑपरेशनच्या सकाळी आम्ही तिघे त्याच्याबरोबर होतो. मेहुणी पुढे डॉक्टरांशी बोलत होती, बायको मागे जपमाळ ओढत होती, मी ट्रॉलीच्या उजवीकडून त्याच्या चपला घेऊन चालत होतो. पाठीवर झोपलेला, पुढे कुणी नाही, नुसतं छत. इतकं घाबरलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याने हात बाजूला केला, पण उजवा नाही, डावा. तो हवेत तसाच राहिला. मग मला कळलं. चपला बायकोकडे दिल्या, ट्रॉलीला वळसा घातला आणि त्याच्या डावीकडे जाऊन तो हात धरला. तिथे नऊ वर्षं कुणी नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि ते लपवायची मला गरज वाटली नाही.

आता तो काठी घेऊन चालतो. शनिवारचा संघ दुसऱ्याकडे गेला, त्याबद्दल तो बोलत नाही आणि मी विचारत नाही. सुट्टीच्या दिवशी मी दुबईहून जातो आणि संध्याकाळी रीमच्या पाण्याकाठी आम्ही फिरतो, दोघेही दमलेले, तो उजवीकडे आणि मी त्याच्या डावीकडे. माझ्याकडून काही अडवलं जाणार नाही हे दोघांनाही ठाऊक आहे. तरी तो हात सोडत नाही.