सब ठीक, साब

पलटणीने आमच्या बाबांना काय काय शिकवलं मला माहीत नाही, पण एक वाक्य मात्र पक्कं घोटून घेतलं. कुणी साहेब समोर आला की छाती काढायची आणि म्हणायचं, "सब ठीक, साब!" अंगावर छप्पर कोसळत असलं तरी सब ठीक.

नोटाबंदीच्या वर्षीची गोष्ट. बाबांचा डावा पाय गुडघ्याखाली सुरुंगात गेलेला. बसवलेला खोटा पाय आता जुना झाला होता, घासून घासून आतली कातडी सोलवटली होती. हे ठाऊक फक्त मला. संध्याकाळी गंजाडच्या घरी ओट्यावर पाय काढून ठेवला की ते हळूच म्हणायचे, "बाय, आज लय झोंबतंय गं." मी कोमट पाण्याने जखम पुसायचे. डहाणूच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं, नवा पाय लवकर बसवा, जखम वर चढली तर गुडघाही जाईल.

म्हणून सरावलीला माजी सैनिकांचं शिबिर आहे, नवे पाय देणारे डॉक्टर येणार आहेत, असं कळल्यावर मी बाबांना रिक्षात घालून नेलं. मंडपात भलामोठा फलक: सेवा, सन्मान, आपुलकी. पाहुण्यांनी त्या तीन शब्दांचा असा काही कीस काढला की विचारू नका! मग शाली, नारळ, चिकूच्या करंड्या, टाळ्या. सगळे म्हातारे रांगेत ताठ उभे. बाबांच्या पँटवर गुडघ्याखाली ओला डाग पसरत चालला होता.

एकदाचे डॉक्टर रांगेपाशी आले. "काय काका, पाय त्रास देतो का?"

"सब ठीक, साब!"

डॉक्टर हसले, खांद्यावर थोपटलं आणि पुढे सरकले. पुढच्याला धाप लागलेली, तोही सब ठीक. त्याच्या पुढच्याला तर प्रश्नच ऐकू आला नव्हता, तरी सब ठीक! अरे, जन्मभर ज्यांना कण्हायचं नाही म्हणून शिकवलं, त्यांना सोबत्यांसमोर रांगेत उभं करून दुखतंय का विचारता? कोण हो म्हणेल?

"अहो डॉक्टर, खोटं बोलतायत ते!" मी ओरडले.

आयोजक धावत आले. "ताई, ते स्वतः सांगतायत ना? जवानाचा मान ठेवा जरा."

मान! माझं डोकंच फिरलं. मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हटलं, "जवान! पैर उतारो!"

बाबा मागच्या खुर्चीत बसले, पँट वर केली आणि त्यांचे हात आपोआप पायाच्या पट्ट्यांकडे गेले. पाय निघाला, रक्ताने माखलेलं फडकं खाली पडलं. डॉक्टर खाली बसले आणि मुकाट्याने माप घेऊ लागले.

नवा पाय आला, गुडघा वाचला. मी चुकले असं मला आजही वाटत नाही. राग येतो तो त्या फलकाचा, त्या आपुलकीचा, जिला एक पँट वर करून बघायचं सुचलं नाही.

त्या दिवशी शिबिरातून आम्ही रिक्षाने घरी परतलो. संध्याकाळी ओट्यावर मी नेहमीसारखी पाण्याचं भांडं घेऊन त्यांच्या पायाशी बसले. "बाबा, झोंबतंय का हो?"

त्यांनी पाठ ताठ केली, नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे नेली.

"सब ठीक, साब."