सूर्याची दिवसपाळी

आमच्या इमारतीच्या गच्चीवर सोलर आहे आणि ते मी बसवून घेतलं, हे मी लालबागमध्ये भेटेल त्याला सांगते. कुणी विचारायची वाट बघत नाही. माझ्या बहिणीच्या मते मला आता दुसरा विषयच उरलेला नाही. नसेना का.

चाळ पाडून सात मजली इमारत उभी राहिली तेव्हा आम्ही सगळेच हरखून गेलो होतो. घरात संडास, दारात लिफ्ट. लिफ्टला वीज लागते, पाणी वर चढवायला पंप लागतो, जिन्यात दिवे लागतात आणि त्या सगळ्याचं बिल आपल्याच खिशातून जातं, हे राहायला आल्यावर कळलं. गिरणी कामगाराचं पेन्शन म्हणजे चहापाण्याची सोय. मेंटेनन्स हा शब्द आमच्याकडे लोक शिवीसारखा उच्चारू लागले. एकेक घर विकलं जाऊ लागलं, माणसं बदलापूरला, नालासोपाऱ्याला निघून गेली. चाळीत जन्माला आलेली माणसं, आणि जाताना निरोप घ्यायलाही लाजायची.

कमिटीने काटकसर म्हणून दुपारची लिफ्ट बंद ठेवली. माझे वडील सहाव्या मजल्यावर, गुडघे गेलेले. सकाळी खाली उतरून गप्पांत जरा रमले की वर यायची पंचाईत, म्हणून त्यांनी उतरणंच सोडलं आणि दिवसभर खिडकीकडे तोंड करून बसू लागले. आई रोज एकदा म्हणायची, विकूया आणि गावाला जाऊया. वडील नाही म्हणत नव्हते आणि मला भीती त्याचीच वाटत होती. मी लग्न केलं नाही, त्या दोघांजवळच राहिले. वडिलांना गिरणीतून हाकललेलं मी पाहिलं होतं. आता घरातूनही हाकलू द्यायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं.

सोसायटीची सेक्रेटरी मी होते, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. दादरला माझ्या ऑफिसातल्या एका बाईंच्या सोसायटीने गच्चीवर सोलर बसवलं होतं आणि लिफ्ट-पंपाचं बिल अगदी खाली आलं होतं. मी बसवणाऱ्या माणसाला घेऊन आले. तो गच्चीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसती सावली बघत बसला. वडील ज्या गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे तिच्या जागेवर आता टॉवर आहे. दुपार कलली की त्याची सावली आमच्या अर्ध्या गच्चीवर पसरते. तेव्हा पॅनेल बसवायची ती पूर्वेच्या अर्ध्या भागातच, असं तो म्हणाला. खर्च मोठा आहे, पण चार-पाच वर्षांत वसूल होईल.

या 'होईल'वर सगळं अडलं. म्हातारी माणसं खाली येऊ शकत नाहीत म्हणून मीटिंग आमच्याच मजल्यावर, पॅसेजमध्ये घेतली होती. वडील दारात खुर्ची टाकून बसले होते. चार-पाच वर्षं ऐकल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "माका आता वाट बघूक सांगू नको."

पॅसेजमधले निम्मे लोक त्यांच्याबरोबर गिरण्यांच्या संपात होते. संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होते. आज मिटेल, उद्या मिटेल, थोडी कळ काढा, मग सगळं भरून निघेल, असं दर आठवड्याला कुणीतरी सांगून जायचं. आई घरात खानावळ चालवायची, तिच्याकडे जेवणारे गिरणीतले गडी गावाला गेले आणि तिची चूल थंडावली. संप कधी मिटला नाहीच. वडील पुढे चिंचपोकळीच्या एका वर्कशॉपमध्ये पत्रे कापायला लागले आणि तिथेच म्हातारे झाले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, यांचं तर तोंड आयुष्यभर पोळलेलं. त्यांनी नाही म्हटलं म्हणजे जुने सगळेच नाही म्हणणार, हे मला दिसत होतं.

मग शंका सुरू झाल्या. पावसाळ्यात काय? रात्री काय? आणि दिवसा उरलेली आपली वीज म्हणे कंपनीला द्यायची, ती कशाला? बसवणारा माणूस नेट मीटर, युनिट, क्रेडिट असं काहीबाही सांगत होता आणि समोरचे चेहरे आणखी दगड होत होते. मी मुळातच तापट. उठले आणि म्हणाले, सूर्याची फक्त दिवसपाळी. त्याला रातपाळी जमत नाही. पावसाळ्यात तो खाडे करणार. तो आला नाही की त्याच्या जागी कंपनीची वीज बदलीवर येणार. आणि दिवसा त्याने जास्तीचं काम केलं तर ते कंपनीकडे जमा, बिलातून वळतं. यात न कळण्यासारखं काय आहे?

खाडा आणि बदली हे आमच्या घरातले शब्द. कायम कामगार कामावर आला नाही म्हणजे त्याचा खाडा. त्याच्या साच्यावर त्या दिवसापुरता उभा राहतो तो बदली. कायम होण्याआधी वडील बरीच वर्षं बदली होते. रोज सकाळी गिरणीच्या गेटवर जाऊन उभं राहायचं, नाव पुकारलं तर काम, नाहीतर आल्या पावली परत. त्या उभं राहण्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. आईकडूनच काय ते कळलेलं.

वडिलांनी मान वर केली. "म्हणजे कंपनी आमच्या गेटार उभी रवतली?"

मी हो म्हटलं. ते हसायला लागले. किती दिवसांनी हसत होते कोण जाणे, मागचे दोघे-तिघेही हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "मगे कर."

फाल्गुनात पॅनेल चढली. पहिलं बिल बरं आलं. चैत्राचं आलं ते वाढून आलं, आणि माझी झोप उडाली. लिफ्टसमोर कुजबुज, सेक्रेटरीने किती खाल्ले वगैरे. वडील पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसू लागले. ते मला त्या कुजबुजीपेक्षा जास्त लागलं.

रविवारी भर दुपारी तणतणत गच्चीवर गेले. बघते तर पॅनेलवर जुनी लुगडी अंथरलेली, लुगड्यांवर कुरडया, सांडगे, पोह्याचे पापड, एका कोपऱ्यात मिरच्या. आमची अख्खी इमारत तिथे वाळत होती. आणि कावळे हाकायला काठी घेऊन माझी सख्खी आई बसलेली.

मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सगळा ऊन तुमी त्येंका दिल्यात, मगे आमी वाळवण खंय घालूचा?"

गच्चीवर दिवसभराचं ऊन होतं ते पूर्वेच्या अर्ध्या भागातच, आणि ते मी बायकांना न विचारता घेतलं होतं. मीटिंगला मी आणि पुरुष बोललो, बाकीच्या बायका चहा देत होत्या. त्यात काच तापलेली आणि उतरती, धूळ नाही, मांजर चढत नाही. वाळवणाला याहून चांगली जागा कुणाला सुचली असती? एक पॅनेल झाकलं तरी अख्खी रांग मंदावते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी आईला ते सांगितलं, आईने घरी येऊन वडिलांना. त्यावर वडील एवढंच म्हणाले, बायकांना त्यांची जागा द्या.

तशी दिली. कठड्याकडची रांग काढून लिफ्टच्या खोलीच्या छपरावर नेली. तिथे दुपारनंतर टॉवरची सावली येते, म्हणून ऊन थोडं कमी, वीज थोडी कमी. पण त्या दिवसापासून पॅनेलवर कबुतराची शीट टिकली नाही. कठड्यालगत वाळवण घालायचं आणि उतरताना काचांवर फडकं मारायचं, हा बायकांनीच ठरवलेला नियम. परवडलं का म्हणाल, तर परवडलं. सांगितलं होतं त्यापेक्षा उशिरा, पण सगळा खर्च वसूल झाला. लिफ्ट दिवसभर चालू लागली आणि मेंटेनन्स वाढायचा थांबला. आमच्या मजल्यावरचं एक घर विकायचं ठरलं होतं, ते त्यांनी विकलं नाही. आई गावाचं नाव काढते ते आता फक्त गणपतीत जायचं म्हणून.

गेल्या वर्षी शेजारच्या इमारतीची कमिटी सोलर बघायला आली. त्यांना मी फिरवणार होते, वडील म्हणाले, मी नेतो. इस्त्रीचा शर्ट घालून, काठी टेकत गच्चीवर आले आणि एकेक पॅनेल दाखवत राहिले. त्यातल्या एकाने हळूच विचारलं, आजोबा, खरं सांगा, एवढी वर्षं थांबून शेवटी मिळालं काय?

वडिलांनी काचेवर हात ठेवला. तापली होती, तरी काढला नाही.

"साचा मालकाचा होता, कापड मालकाचं होतं," ते म्हणाले. "हे आमचं आहे."